अण्णांचे पाय

कुणी पाठ दुखते म्हटलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न येतो, ताप आहे का? मग पुढचे येतात. पायांत मुंग्या येतात का, चप्पल न कळत निसटते का, लघवीला अडचण आहे का. हा शेवटचा प्रश्न लोकांना आवडत नाही. हेब्बाळला मी राहते त्या इमारतीत पुण्याहून आलेला एक तरुण आहे. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो. परवा लिफ्टमध्ये तो नुसतं "काकू, पाठ जाम धरलीये" म्हणाला आणि सातव्या मजल्यापासून खाली येईपर्यंत मी त्याला इतकं विचारलं की तो हसायला लागला. "काकू, तुम्ही डॉक्टर होता का?" मी म्हटलं, "नाही रे. स्वल्प काळजी वाटते, एवढंच." 'थोडी' म्हणायचं तिथे 'स्वल्प' ऐकून तो आणखी हसला. पुण्याची माणसं आमच्या मराठीला हसतातच. कित्येक पिढ्या कन्नड मुलखात राहून ती जशी झाली तशी झाली. त्या मुलाला ताप नव्हता आणि चार दिवसांत त्याची पाठ सुटली. बहुतेकांची सुटते. म्हणून तर कुणी घाबरत नाही, आणि आम्हीही घाबरलो नाही.

आमचं जुनं घर याच शहरात, चामराजपेटेत एका आडरस्त्यावर होतं. रस्त्याकडे तोंड करून एक खोली, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे स्वयंपाकघर आणि सगळ्यांच्या मागे न्हाणी, असं एकामागे एक लावलेलं घर. पुढची खोली म्हणजे अण्णांचं दुकान. अण्णा माझे वडील. ते शिंपी, त्यांचे वडील शिंपी, त्यांचेही वडील शिंपी. पण अण्णांचं नाव होतं ते कोटासाठी. कोटाचा खांदा बसवणं हे काम सगळ्यांना येत नाही. गिऱ्हाईक उभं राहिलं की अण्णा टेप काढण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारत आणि कुठला खांदा उतरता आहे ते बघून ठेवत. आमच्याच शहरातल्या शिवाजीनगरहून दोन बस बदलून माणसं लग्नाचे कोट शिवायला येत. टेप कायम त्यांच्या गळ्यात असायची. जेवतानाही आई आठवण करून देईपर्यंत ते ती काढत नसत. गिऱ्हाइकांशी ते कन्नड बोलत, काजं-बटणं करायला येणाऱ्या खानसाहेबांशी उर्दू आणि दुकानामागच्या पडद्याच्या आत आले की आमच्याशी मराठी. मी एकुलती एक. मला ते नंदे म्हणत, आणि फार खुशीत असले की डॉक्टरीणबाई.

त्या घराला आवाजच आवाज होते. सकाळी आईचा वाटणाचा रगडा, मग रस्त्यावर फुलवाली, मग बससाठी धावणाऱ्या माणसांची पावलं, आणि साडेनऊच्या सुमाराला मशीन. अण्णांचं मशीन पायाचं होतं. कुणीतरी त्यांना विजेची मोटर लावून घ्या म्हणालं होतं, तर ते म्हणाले, मोटरला कापड कळत नाही, पायाला कळतं. सरळ शिवण असली की मशीन लांब, एकसारखं चाले. गळ्याशी आले की थबकून थबकून. मधल्या खोलीत पडद्याअलीकडे बसून मी अभ्यास करायची आणि न बघता सांगू शकायची की आता बाही चालली आहे, आता अस्तर. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय गं, कुठवर आलं?" मी सांगायची, "कॉलर." मग ती चहा ठेवायची. तिचं जेवण अर्धं मराठी, अर्धं कन्नड. सकाळी लिंबाचं चित्रान्न, म्हणजे फोडणीचा भात, दुपारी नाचणीची भाकरी आणि हुळी, म्हणजे आपली आंबट डाळभाजी, आणि वर ताक. अण्णांना हुळीत शेवग्याच्या शेंगा लागत. शेंगा चोखून ते ताटाच्या कडेला इतक्या नीट ओळीत मांडत की जणू त्याही मापून कापल्या होत्या.

हे सगळं झालं त्या वर्षी मी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. आमच्या नात्यात तोवर कुणी डॉक्टर झालं नव्हतं. माझे गुण बरे येत, आणि ही गोष्ट अण्णांनी मनावर घेतली होती. गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही लावता लावता ते म्हणत, "या हातानं एक पांढरा कोट शिवायचाय, मग मशीन बंद." आई म्हणे, "आधी तिला पास होऊ द्या." पण तीही माझ्या परीक्षेच्या काळात टीव्हीवर चादर टाकून ठेवायची आणि पाहुण्यांना दारातूनच पाणी देऊन परत पाठवायची. घरातली सगळी माणसं, म्हणजे आम्ही तिघंच, माझ्या परीक्षेच्या भोवती दबक्या पावलांनी चालत होतो.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आधी अण्णांच्या मानेवर गळू आलं. टेप जिथे घासते बरोबर तिथे. आईनं भाजलेल्या कांद्याचं पोटीस बांधलं. ते फुटलं, पू गेला, खपली धरली आणि आम्ही विसरलो. उगादीला कडुनिंब-गूळ खाल्ला, पुरणपोळ्या झाल्या. त्यानंतर आठवड्याभरात अण्णांची पाठ दुखायला लागली, दोन्ही फऱ्यांच्या मधोमध. मशीनवर वाकून बसणाऱ्याची पाठ दुखणारच, असं सगळेच म्हणाले. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता, ते डॉक्टरही म्हणाले. गोळ्या दिल्या. संध्याकाळी कणकण यायची, घाम येऊन अंगातला सदरा भिजायचा. आई म्हणाली, ऊन बाधलं. मग दुखणं पाठीतून पुढे आलं. बरगड्यांभोवती कुणी दोरी आवळतंय असं होतं, असं अण्णा म्हणाले. त्यावर डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. मी कुणाला दोष देत नाही. पाठदुखी, ताप आणि मानेवरचं ते जुनं गळू या तीन गोष्टी एका माळेत ओवाव्यात असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. पण पुढच्या तीन दिवसांचं मला तसं म्हणता येत नाही.

शुक्रवार होता. सोमवारी माझा जीवशास्त्राचा पेपर, शेवटचा. बाकीचे चांगले गेले होते. मी मधल्या खोलीत बसून मज्जारज्जूचा आडवा छेद काढत होते. मध्ये फुलपाखरासारखा करडा भाग, भोवती पांढरा, पुढून जाणाऱ्या नसा हालचालीच्या, मागून येणाऱ्या संवेदनेच्या. तेव्हा बाहेरचं मशीन अडखळलं. थांबलं, सुरू झालं, पुन्हा अडखळलं. अस्तराची सरळ शिवण होती, तिथे अडखळण्याचं कारण नव्हतं. मी पडदा बाजूला केला. अण्णा मशीनवर बसून खाली आपल्या उजव्या पायाकडे बघत होते.

"नंदे, हा पाय बघ माझं ऐकत नाही," असं म्हणून ते हसले.

मग उठून न्हाणीकडे निघाले. मधल्या खोलीत त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि ते तसेच पुढे गेले, एक पाय चपलेत, एक उघडा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले तरी त्यांना कळलं नव्हतं. मी चप्पल उचलून मागे गेले. "अण्णा, चप्पल." त्यांनी वळून माझ्या हातातली चप्पल बघितली, मग आपला पाय बघितला. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. गिऱ्हाईक कोट घालून उभं राहावं आणि खांदा चुकलेला दिसावा, तसा काहीसा.

आई मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आईला बोलू नकोस. आज सांगितलं तर ती आजच रडारड करून घर डोक्यावर घेईल. सोमवारी तुझा पेपर होऊ दे. मंगळवारी मी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन दाखवतो. सरी?"

मी म्हणाले, "सरी."

आमच्या घरात होकाराला सरीच म्हणत. दिवसातून वीस वेळा म्हणत असू. दूध आणतेस का, सरी. दिवा लाव, सरी. तो शब्द मी आता वापरत नाही. रिक्षावाले, दुकानदार, माझी सूनसुद्धा दिवसभर म्हणत असते, मी 'बरं' म्हणते.

शनिवारी दुसरा पायही जड झाला. अण्णा कापायच्या टेबलाला धरून, मग भिंतीला धरून चालत होते आणि आई आली की बसून घेत होते. दुपारी ती शेजारच्या जयम्माकडे पापडांना गेली होती. मी पाणी प्यायला उठले तर पडद्याच्या फटीतून दिसलं. अण्णा खुर्चीवर बसले होते, हातात सुई होती, आणि ते ती आपल्या मांडीत टोचत होते. गुडघ्याच्या वर, मग आणखी वर, मग पोटावर. मापं घेताना जसे एकाग्र होत तसे एकाग्र होऊन. पांढऱ्या पायजम्यावर रक्ताचे बारीक बारीक ठिपके उठले होते. छातीच्या खाली कुठेतरी सुई पोचली तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांच्या कडा आवळल्या. मग त्यांनी मान वर केली आणि मी दिसले. त्यांनी नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

मी परत जाऊन पुस्तकासमोर बसले. मी सतरा वर्षांची होते आणि मला काही कळत नव्हतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं. पण माझ्यासमोर वहीत ते चित्र होतं. मागून येणाऱ्या नसा संवेदनेच्या, पुढून जाणाऱ्या हालचालीच्या. चप्पल कळत नाही, पाय उचलत नाही, सुई कळत नाही. मला ते दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच मी पान उलटून वनस्पतींचा धडा काढला. अण्णांनी सांगितलं म्हणून मी गप्प राहिले, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला तो पेपर हवा होता. दोन वर्षं मी त्या सोमवारसाठी झिजले होते, आणि कुणीतरी मला सांगत होतं की मंगळवारपर्यंत थांबलं तर चालेल.

रामनवमी होऊन गेली तरी आमच्याकडे तिचा मांडव महिनाभर असतो. रविवारी रस्त्याच्या टोकाच्या त्या मांडवात आई कोशिंबीर आणि गुळाचं पानक वाटायला गेली होती. लाउडस्पीकरवर गाणं चाललं होतं. अण्णा भिंतीला धरत न्हाणीत गेले आणि पाऊण तास बाहेर आले नाहीत. मी दारावर टकटक केली. "होत नाहीये गं," आतून ते म्हणाले. माझ्याशी असल्या गोष्टी ते कधी बोलले नव्हते. मी त्यांना काखेत धरून पलंगावर आणलं. पोटाचा खालचा भाग फुगून टणक झाला होता, तरी त्यांना दुखत नव्हतं. "दुखत नाही, मग काही मोठं नसेल," ते म्हणाले. आई मांडवातून आली ती पितळेच्या तांब्यातून पानक घेऊन. लघवी होत नाही एवढंच तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, उन्हाळी लागली, आणि तिनं धण्याचं पाणी करून तांब्यामागून तांब्या त्यांना पाजलं. ते पीत राहिले. ती प्रत्येक वेळी विचारी, "आता बरं वाटतंय?" ते मान हलवत. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते.

सोमवारी सकाळी अण्णा उठलेच नाहीत. मानेपर्यंत चादर ओढून पलंगावर पडून होते. आईला म्हणाले, "पाठ फार धरली आहे, मी पडूनच राहतो. तिला वेळेवर पाठव." आईनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली. मी नमस्कार करायला वाकले तेव्हा चादरीखालून वास आला. ओल्या कपड्यांचा. अण्णांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे तापानं लाल. पाय चादरीखाली कसेही पडले होते, एक आत वळलेला, दुसरा बाहेर. असे कुणी झोपत नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, "जा. बस चुकेल."

मी गेले.

तो पेपर मी उत्तम लिहिला. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. रडत लिहिला नाही. आकृत्यांना नावं दिली, रेघा पट्टीनं मारल्या, वेळेआधी दहा मिनिटं संपवून पुन्हा वाचून काढला. मज्जारज्जूची आकृती आली नव्हती.

परत आले तर घराला कुलूप आणि ओट्यावर जयम्मा बसलेली. मला बघून ती उठली. "अण्णांना रिक्षात घालून नेलं गं. चौघांनी उचललं. उभे राहीनात ते." तिच्या हातात आईनं दिलेली चिठ्ठी होती, हॉस्पिटलचं नाव लिहिलेली.

हॉस्पिटल मोठं होतं. व्हरांड्यात आई अण्णांची टेप मुठीत घट्ट धरून बसली होती. गळ्यातून काढायला लावली असणार. तिला मराठी आणि कन्नड येई. तिथले मोठे डॉक्टर उत्तरेकडचे होते, ते इंग्रजी बोलत. मी आले तसं आईनं मला पुढे ढकललं. "तूच विचार, मला काही समजत नाही."

डॉक्टरांनी स्कॅन खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. कण्याच्या पोकळीत, मज्जारज्जूच्या अंगाला पू साठला होता आणि तो चार मणक्यांच्या उंचीपर्यंत रज्जू दाबत होता. अलीकडे कुठे जखम, गळू वगैरे झालं होतं का, त्यांनी विचारलं. मी मानेवरचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. तेच जंतू रक्तातून इथे पोचले. मग त्यांनी विचारलं, "पायांची शक्ती कधीपासून जायला लागली? नीट आठवून सांगा, फार महत्त्वाचं आहे."

आई माझ्याकडे बघत होती. "काय विचारतात?"

"पाय कधीपासून, ते विचारतात."

"आज सकाळपासून. सांग ना, आज सकाळी उठता येईना."

मी डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत सांगितलं, शुक्रवारपासून. शुक्रवारी उजवा, शनिवारी दोन्ही. शनिवारी छातीखाली सुई कळत नव्हती. कालपासून लघवी बंद. सांगताना माझा आवाज अगदी सरळ होता, शिक्षकांना उत्तर देत असल्यासारखा. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग ते बोलले ते शांतपणे, रागावून नव्हे. हा माणूस शुक्रवारी आपल्या पायांनी चालत आला असता तर बहुधा चालतच घरी गेला असता. शनिवारीही आशा होती. यात दिवस नाही, तास मोजायचे असतात. आता शस्त्रक्रिया लगेच करू, जीव वाचवायला करावीच लागेल. पण पाय परत येतील असं मी सांगणार नाही.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"लगेच ऑपरेशन करू म्हणाले."

"एवढंच? इतका वेळ बोलत होते."

"प्रयत्न करू म्हणाले, आई."

आईनं डॉक्टरांना हात जोडले. त्यांनीही जोडले आणि ते आत गेले.

पू निघाला, ताप उतरला, जीव वाचला. पाय आले नाहीत. छातीच्या खाली दोन बोटांवर अण्णा संपत होते, असं ते स्वतःच म्हणत. तिथून खाली सगळं दुसऱ्याचं. सहा आठवडे औषधं शिरेतून गेली. लघवीसाठी नळी बसली ती कायमची. घरी आणलं तेव्हा खानसाहेबांनी कापायचं टेबल बाहेर काढून पुढच्या खोलीत पलंग लावून दिला होता, रस्ता दिसावा म्हणून. निकाल लागला, जीवशास्त्रात मला शंभरातले अठ्ठ्याण्णव पडले. अण्णांनी जयम्माकडून पेढे आणवले. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला मी बसले नाही. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण मला ते जमणं शक्य नव्हतं. मी बी.कॉम. केलं आणि विम्याच्या कचेरीत लागले, तिथूनच निवृत्त झाले.

एक दिवस मी कॉलेजातून येते तो आई दारातच. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी पाहिला नव्हता, नंतर तर नाहीच. "पाय हलला! अगं, दोन्ही हलले. मी पुसत होते तर आपोआप वर आले!" तिनं देवापुढे तुपाचा दिवा लावला होता. अण्णा गादीवर कोपरं टेकून आपल्या पायांकडे बघत होते आणि पाय खरंच थरथरत होते, गुडघ्यांत आखडून वर येत होते. मी तसाच फोन लावला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हे पाय मेंदूचं ऐकून हलत नाहीत. वरचा दोर तुटलेला आहे, खालचे स्नायू आपले आपणच आखडतात, पुढे हे वाढेल. हेही भाषांतर मलाच करायचं होतं. मी आईला म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, बघू." म्हणून ती पुढचे कितीतरी महिने रोज त्या पायांना तीळतेल चोळत राहिली, आणि ते आखडले की म्हणायची, आज जोर जास्त आहे. अण्णांना कळलं होतं. ते खिडकीबाहेर बघत राहायचे.

त्यांनी हाताचं मशीन घेऊन पाहिलं, पण धडाला तोल नव्हता, एका अंगाला कलंडायचे. उशा लावून बसवलं तर हातशिलाई करत. मग पाठीच्या खालच्या बाजूला जखम झाली, आम्हाला दिसली तेव्हा आत बोट जाईल एवढी. तिच्यासाठी पालथं निजवावं लागे आणि पालथं निजून सुई धरता येत नाही. गिऱ्हाइकं आधी भेटायला येत, मग दारावरून जाताना हात करत. नंतर काही जण पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. मी त्यांनाही दोष देत नाही. अण्णा एके काळी घरातले सर्वांत बोलके. ते दिवसाला चार वाक्यांवर आले. कूस बदला. पाणी. खिडकी लावा. आणि मी कचेरीतून आले की, आलीस?

नऊ वर्षं ते तसे जगले. शेवटी मूत्रपिंडं सडली, ताप चढला आणि तीन दिवसांत गेले. पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या जाण्याचं नाही, तिसऱ्या वर्षातल्या एका रविवारी दुपारचं. आई स्वयंपाकघरात होती. मी अण्णांच्या पायाशी बसून त्यांची नखं कापत होते. तोवर पायांचं काम माझ्याकडे असे. धुणं, तेल, टाचांखाली उशी ठेवणं. मीच मागून घेतलं होतं. पाय एकदम आखडला, नेलकटर निसटलं आणि अंगठ्याच्या कडेला खोल गेलं. भळकन रक्त आलं. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "लागलं का अण्णा?"

अण्णांनी मान वळवून अंगठ्याकडे बघितलं. रक्त चादरीवर उतरत होतं. मग म्हणाले, "तुला ठाऊक होतं की."

आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. तीन वर्षांत त्यांनी तो विषय काढला नव्हता आणि पुढेही कधी काढला नाही. ते नखाबद्दल बोलले का, पाय आखडतो हे मला ठाऊक होतं असं म्हणाले का, असंही मी ताणून पाहिलं आहे. पण मी त्यांची मुलगी होते, मला त्यांचा आवाज कळत होता.

मी मान वर केली तेव्हा आई मधल्या दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. "काय ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

अण्णा म्हणाले, "काही नाही. नख खोल गेलं."

आई माझ्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली, हात धुऊन हळद घेऊन आली. अंगठ्यावर हळद दाबून धरली, चिंधी बांधली. माझ्या हातातून नेलकटर काढून घेतलं आणि उरलेली नखं स्वतः कापली, एकेक, सावकाश. पुढे तिनं मला कधीच काही विचारलं नाही. आमच्यात भांडण झालं नाही, अबोला झाला नाही. माझं लग्न तिनंच जमवलं, माझी बाळंतपणं केली. अण्णा त्यानंतर सहा वर्षं जगले, आणि त्या सहा वर्षांत तिनं मला त्यांच्या पायांना हात लावू दिला नाही.